पोकळ रणगाडा

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. नाटक, भजन, जत्रा सोडून मी काँप्युटरच्या खेळांवर लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण इथूनच मागे फिरतील. फिरू नका. विषय वाटतो तितका पोरकट नाही.

यंदाच्या चवथीला भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आरत्या झाल्या, जेवणं झाली, माटोळीखाली गप्पाही झाल्या, आणि मग स्वारी लॅपटॉप उघडून बसली. दुसऱ्या महायुद्धावरचा डावपेचांचा खेळ. खेळाचं नाव सांगत नाही, कारण मी पाहिलं ते त्या एका लॅपटॉपवर पाहिलं, आणि तेवढ्यावरून कुणाची बदनामी करणं बरं नव्हे. या खेळात तुम्ही शिपाई नसता, सेनापती असता. घारीसारखं वरून रणभूमी बघायची, माउसने रणगाडे आणि तुकड्या हलवायच्या. मी शेजारी बसून बघत होतो. एक रणगाडा टेकडी चढत होता. माथ्यावर पोचला, क्षणभर थरथरला आणि सरळ वर गेला. अगदी वर. तोफेचा बुरूज तेवढा टेकडीवर राहिला, अधांतरी, आणि तो शत्रूकडे बघून गोळेही मारत होता!

"मामा, पळय, रणगाडो मळबार गेलो!" भाचा ओरडला. आतून बायकोने विचारलं, "कोण गेलो रे?" आम्ही दोघेही पोट धरून हसलो. पण भाचा लगेच चिडला. पैसे मोजून घेतलेला खेळ, आणि ही अवस्था. चार दिवसांत त्याने मला अशा बिघाडांचं एक प्रदर्शनच दाखवलं. चाकं उलटी फिरणारे ट्रक, जमिनीपासून वीतभर वर तरंगणारी जीप, गुलाबी रंगाचा जर्मन रणगाडा, आणि लांबून बघितलं की पाठीवरचा पांढरा तारा दिव्यासारखा लुकलुकणारा शर्मन.

हे का होतं, ते त्याने समजावलं आणि उरलेलं मी नंतर वाचून घेतलं. ते इतकं रंजक निघालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शिगम्याच्या मिरवणुकीत चित्ररथ असतात ना, हलत्या पुतळ्यांचे, तसंच हे. खेळातला रणगाडा म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. धड वेगळं, बुरूज वेगळा, नळी वेगळी, आणि ते एकमेकांना अदृश्य बिजागऱ्यांनी जोडलेले. नळी बुरुजाच्या आधाराने हलते, बुरूज धडाच्या, धड जमिनीच्या. कुणाचा आधार कोण, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. ते नातं तुटलं की बुरूज पोरका होतो आणि जिथे आहे तिथेच राहतो, नाहीतर नकाशाच्या शून्य-शून्य कोपऱ्यात जाऊन पडतो. कधीकधी तर गणितातच घोळ होतो. रणगाड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे काढायला त्याच्या चालीला अंतराने भागावं लागतं. रणगाडा जागच्या जागी उभा असला तर अंतर शून्य. शून्याने भागायचं म्हटल्यावर काय होणार? संगणक 'ही संख्याच नाही' असं उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर रणगाडा काढायला गेलं की तो नाहीसा होतो किंवा क्षितिजापर्यंत ताणला जातो. आमच्या गावच्या चित्ररथात एकदा रावणाचा हात गदेसकट वर जाऊन तसाच अडकला होता, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. त्या हाताला निदान खाली ओढायला माणूस होता.

लुकलुकणाऱ्या ताऱ्याचं कारण आणखी गमतीचं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी संगणक एक अंतर नोंदवतो : ही वस्तू डोळ्यापासून किती लांब. जे जवळ ते पुढे दिसायचं, जे लांब ते झाकायचं. पण ही नोंद सर्वत्र सारखी बारीक नसते. सहसा जवळच्या वस्तूंसाठी ती अतिशय सूक्ष्म, आणि लांबच्या वस्तूंसाठी ढोबळ. आता रणगाड्याचा पत्रा आणि त्यावर चिकटवलेला तारा यांच्यात अंतर केसाएवढं. घारीच्या उंचीवरून दोघांची नोंद एकच येते, आणि पुढे कोण यावरून दोघांत भांडण लागतं. या चौकटीत पत्रा जिंकतो, पुढच्या चौकटीत तारा. शिपायाच्या डोळ्यातून खेळायच्या खेळापेक्षा सेनापतीच्या खेळात हे जास्त जाणवतं, कारण सेनापती लांब असतो. (याच्यावर एखादा कवी बरंच काही लिहील. मी पुढे जातो.)

गुलाबी रणगाडा ही तर मुद्दाम केलेली सोय. मॉडेलवर चढवायची रंगाची खोळ सापडली नाही, तर बरीच सॉफ्टवेअरं भडक गुलाबी रंग दाखवतात, का तर निसर्गात आणि लष्करात सहसा न दिसणारा रंग असला की कारागिराच्या नजरेत चूक चटकन भरावी. पट्ट्यांचं म्हणाल तर बहुतेक खेळांत रणगाड्याच्या पट्ट्याची कडी न् कडी फिरत नाही. पट्टा जागच्या जागी असतो, त्यावरचं चित्र तेवढं सरकवतात, सिनेमात गाडीमागून झाडं सरकवायचे तसं. आणि प्रत्येक वाहनाची तीनचार रूपं असतात. जवळून बघायचं हजारो त्रिकोणांचं, लांबून बघायचं काहीशे त्रिकोणांचं. लांबचं रूप चुकून जवळ आलं की चाकं चौकोनी दिसतात.

जुन्या खेळांना ही भानगड नव्हती. १९९२ च्या 'ड्यून टू' मध्ये किंवा १९९५ च्या 'कमांड अँड काँकर' मध्ये रणगाडा म्हणजे सपाट चित्र, आठ किंवा बत्तीस दिशांनी काढून ठेवलेलं. वळला की चित्र बदलायचं. ते चित्र उडणार कुठे? २००० साली आलेल्या 'काँबॅट मिशन' ने त्रिमिती रणगाडे दिले, पण माणसांच्या बाबतीत उघड तडजोड केली. दहाबारा जणांची तुकडी आणि पडद्यावर फक्त तीन आकृत्या. खेळणारे ते समजून घ्यायचे. मग २००६ मध्ये कॅनडातल्या 'रेलिक' कंपनीचा 'कंपनी ऑफ हीरोज' आला. त्यात शिपाई न् शिपाई वेगळा, भिंती कोसळणाऱ्या, गोळा पडला तिथे खड्डा. तिथून अपेक्षा वाढल्या, आणि अपेक्षांबरोबर चिडचिडही.

भाच्याच्या चिडण्यात तथ्य आहे, हे मी आधी कबूल करतो. मी त्याला म्हटलं, "अरे, रंग उडाला, तारा लुकलुकला, म्हणून खेळ थोडाच बिघडतो?" तर त्याने मलाच धडा दिला. डावपेचांच्या खेळात वाहनाचं चित्र ही सजावट नव्हे, ती बातमी असते. रणगाड्याचं चिलखत समोरून जाड, पाठीमागून पातळ. त्यामुळे शत्रूचा रणगाडा कुठे तोंड करून उभा आहे, हे बघूनच डाव ठरवायचा. चित्र पूर्वेला बघत असेल आणि खरा रणगाडा पश्चिमेला, तर तुमचा डाव फुकट. आणि हो, 'खरा रणगाडा' म्हणजे काय तेही ऐकून घ्या. यातल्या बऱ्याच खेळांत हिशेब एकीकडे चालतो आणि चित्र दुसरीकडे. चार जण चार घरांत बसून खेळतात, तेव्हा प्रत्येकाच्या यंत्रावर तोच हिशेब जुळवून चालवला जातो : अमुक रणगाडा अमुक जागी, इतका जखमी. चित्र म्हणजे त्या हिशेबावर चढवलेला वेश. आमचा मळबात गेलेला रणगाडा खातेवहीत बहुधा टेकडीवरच सुखरूप उभा होता. म्हणूनच तर त्याचा पोरका बुरूज गोळे मारत होता!

इथपर्यंत भाच्याचं आणि माझं एकमत. यापुढे फाटे फुटतात.

त्या प्रदर्शनात एक बिघाड असा होता की तो बघून मी हसलो नाही. त्रिमिती आकृत्या पत्र्याच्या असतात, आणि तोही एका बाजूनेच दिसणारा पत्रा. आतली बाजू कुणी बघणार नाही म्हणून संगणक ती काढतच नाही, तेवढीच मेहनत वाचते. पण मॉडेलचे काही त्रिकोण चुकून उलटे लागले तर बाहेरची बाजू अदृश्य होते आणि तुम्हाला थेट आतलं दिसतं. भाच्याने असाच एक शर्मन दाखवला. डावी बाजू गायब. आत काय? काहीच नाही. बसायची जागा नाही, गोळे नाहीत, माणूस नाही. रिकामं खोकं.

शर्मन रणगाड्यात पाच माणसं असत. सुमारे तीस टनांच्या त्या लोखंडात पेट्रोल किंवा डिझेल, तोफेचे गोळे आणि ही पाच माणसं दाटीवाटीने बसलेली असत. खेळात तो रणगाडा पेटतो, सुंदर पेटतो, धूर निघतो, पत्रे उडतात, आणि बहुतेक वेळा कुणीच बाहेर येत नाही, कारण आत कुणी नव्हतंच. भाचा म्हणतो, बिघाड दुरुस्त झाला पाहिजे. मी म्हणतो, जरूर करा, पण त्या बिघाडाने मला क्षणभर खरं तेच दाखवलं. ग्राफिक्स निर्दोष झाल्यावर आपण खोकं रिकामं असल्याचं विसरतो आणि वर त्याला 'वास्तव' म्हणतो. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे.

खऱ्या युद्धातले खरे रणगाडे तरी कुठे निर्दोष होते? जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत जर्मनांनी नवाकोरा पँथर उतरवला, तर कितीतरी पँथर शत्रूची गोळी लागण्याआधीच इंजिनाने आणि गिअरने बंद पाडले. काहींच्या इंजिनांना आपोआप आगी लागल्या. टायगरची चाकं एकमेकांत गुंतवलेली होती. रशियाच्या थंडीत मधला चिखल गोठला की चाकंच जाम. खेळात मात्र टायगर सदैव ठणठणीत, आणि त्याचा पट्टा थोडा सरकून दिसला तर लोक कंपनीला शिव्या घालतात. पट्टा निसटणं हाच तर टायगरचा खरा स्वभाव म्हणायला हवा!

आणि खोट्या वाहनांचं म्हणाल तर तेही युद्धात होते. १९४२ मध्ये अल् अलामेनच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी वाळवंटात रणगाड्यांवर कापडी सांगाडे चढवून त्यांचे ट्रक बनवले, आणि दुसरीकडे नकली रणगाडे उभे केले. १९४४ मध्ये अमेरिकेने सुमारे ११०० जणांची एक खास पलटण युरोपात धाडली, तिचं काम हवा भरलेले रबरी रणगाडे उभे करून शत्रूला फसवायचं. त्यात कलाकार, चित्रकार भरलेले. २०२४ साली त्यांना अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं. त्यांच्यातल्या एकाने सांगितलेली आठवण मला फार आवडते. दोन फ्रेंच सायकलवाले चुकून आत शिरले, आणि बघतात तर चार अमेरिकन शिपाई एक अख्खा रणगाडा हातांनी उचलून फिरवताहेत! त्या पलटणीसाठी ग्राफिक्सचा बिघाड म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता. हवा कमी झाली, नळी खाली लोंबली, आणि ते वरून विमानातल्या कॅमेऱ्याने टिपलं, तर सगळं मुसळ केरात. त्यांचे प्रेक्षक शत्रूचे हेर होते. आपण कुणाचे प्रेक्षक आहोत, हे आता सांगतो.

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवतात? ७ ते १० मे. ऑपरेशन सिंदूर. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा सैन्यात आहे, तेव्हा जम्मूकडे होता. त्याचा फोन लागत नव्हता. ८ तारखेच्या रात्री वहिनी मोबाइल घेऊन आमच्याकडे आल्या. कुठल्याशा ग्रूपवर चित्रफीत आली होती. काळोखात लष्करी ट्रकांचा ताफा, वरून काहीतरी येऊन आदळतं, तीन ट्रक पेटतात. खाली लिहिलं होतं, आपला ताफा उडवला. वहिनी एक शब्द बोलत नव्हत्या. मी तर हादरलोच. काय बोलणार? मी ती फीत भाच्याला पाठवली. दोन मिनिटांत त्याचा फोन. "मामा, हें गेम. वहिनीक सांग, गेम हें." मी म्हटलं, कशावरून? तो म्हणाला, पेटलेले तिन्ही ट्रक नीट बघ. तिघांचंही दार एकाच कोनात लोंबतंय. आणि पुढच्या ट्रकची मागची चाकं जमिनीला लागलेलीच नाहीत.

मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच, चाकाखाली बोटभर उजेड होता.

मुलाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो ठीक होता, त्याचा ताफ्याशी संबंधही नव्हता. पण ती रात्र वहिनींनी त्या बोटभर उजेडाच्या आधारावर काढली, हे मी विसरू शकत नाही.

हा प्रकार काही आमच्यापुरता नव्हता. त्या दिवसांत खेळातल्या चित्रफिती खऱ्या म्हणून फिरत असल्याचं सत्यशोधन करणाऱ्यांनी वारंवार दाखवून दिलं. त्याआधी युक्रेनच्या युद्धात, मग गाझाच्या, हेच घडलं. 'आर्मा थ्री' हा २०१३ चा खेळ यासाठी इतका वापरला गेला की तो बनवणाऱ्या झेक कंपनीला, 'बोहेमिया इंटरअॅक्टिव्ह' ला, नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढावं लागलं. आमचा खेळ खऱ्यासारखा वाटतो याचा आनंद आहे, पण तो खरा म्हणून खपवला जातो याचा नाही, असा त्याचा आशय. खोटी फीत ओळखायच्या खुणाही त्यांनीच दिल्या : चित्र मुद्दाम अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुधा काळोख, आवाज नाही, हलती माणसं नाहीत, धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक, वाहनं आणि गणवेश त्या युद्धाशी न जुळणारे. म्हणजे बघा, फसवणारा मुद्दाम काळोख निवडतो, कारण काळोखात बिघाड लपतात. ज्याला खेळाच्या वाहनांमधले दोष वर्षानुवर्षं शिव्या घालत पाठ झालेत, तोच पोरगा अशा वेळी कामाचा. मी त्याला जन्मभर 'अभ्यास कर, खेळ बंद कर' सांगत आलो. आता तोंड नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. खेळ बनवणाऱ्यांनी वाहनं दुरुस्त करावीत, पैसे घेतलेत तर केलीच पाहिजेत. पण त्या खेळातून बाहेर पडणाऱ्या फितीवर, कुठल्याही धूसर, कापलेल्या फितीवर, हा खेळ आहे हे ओळखू येईल अशी खूण राहील याचीही जबाबदारी त्यांनी घ्यावी. नोटेला जलचिन्ह असतं, तसं. ते अवघड आहे, खूण पुसणारेही निघतील, हे मला कळतं. पण चाकं जमिनीला टेकवण्यात जितकी अक्कल खर्च होते त्याच्या दहाव्या हिश्शाने इकडेही खर्च व्हावी.

आणि खेळणाऱ्यांना एक विचारायचं आहे. तुम्ही रणगाड्याचा बोल्ट चुकला तर पुस्तकं काढून भांडता. माणसं चुकली, गाळली गेली, तेव्हा कुणी भांडलं का? २०२३ मध्ये 'कंपनी ऑफ हीरोज थ्री' आला, इटली आणि उत्तर आफ्रिकेतला. त्यात ब्रिटिश बाजूला गुरखा शिपाई आहेत आणि 'इंडियन आर्टिलरी' नावाचा गटही आहे. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना. इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले. त्यांत आपल्या बेळगावला ज्याचं केंद्र आहे त्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे पडले किंवा जखमी झाले, आणि ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ते ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथेच ते पडले. शिपाई नामदेव जाधव होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना वाहून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावी घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं, तेही २०२३ सालीच. बेळगावहून गोव्यात येणाऱ्या किती जणांना ही नावं ठाऊक असतील? मलाही पन्नाशी उलटेपर्यंत नव्हती. लाजच वाटली.

आपल्या गोव्याने ते महायुद्ध लांबूनच पाहिलं. पोर्तुगाल तटस्थ. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात जर्मन जहाजं जळाली तेवढीच झळ. लष्कर आपण पाहिलं ते १९६१ च्या डिसेंबरात. फोंड्यातून गेली ती दुसरी पॅरा, मराठा. माझे वडील तेव्हा रस्त्याकडेला उभे होते. त्यांना गाड्या कुठल्या बनावटीच्या होत्या ते कधीच सांगता आलं नाही. एवढंच सांगायचे की एका पोरगेल्या जवानाने मराठीत पाणी मागितलं आणि तांब्या परत देताना नीट पुसून दिला.

असो. भाचा परवा फोनवर म्हणाला की खेळाची दुरुस्ती आली आहे. रणगाडा आता मळबात जात नाही. मी विचारलं, "आणि तो डावी बाजू नसलेला?" तर म्हणाला, "तो अजून तसोच आसा, मामा." म्हटलं, दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, वहिनींचा मुलगाही रजेवर येणार आहे. त्याला दाखवू.